गेंडा पाठ दाखवत नाही

ऑफिसात तिला सगळे ‘काटा’ म्हणत. तराजूचा काटा, असं तोंडावर. पायात रुततो तो, असं पाठीमागे. तिला दोन्ही ठाऊक होतं. जुन्या महायुद्धावरचा डावपेचांचा एक व्हिडिओ गेम त्या चौथ्या मजल्यावर तयार होत होता, आणि त्यातल्या दोन सैन्यांची पारडी समान ठेवणं हे तिचं काम. कुठल्या रणगाड्याचं चिलखत किती जाड, तोफ किती लांब मारणार, गाडी वळायला किती वेळ घेणार, हे सारे आकडे तिच्या हातात होते.

तिचे वडील वजनमापं तपासणारे निरीक्षक. दुकानात शिरले की आधी पारड्याखालून बोट फिरवायचे, मेण चिकटवलंय का बघायला. आई अजून म्हणते, “तू अगदी त्यांच्यावर गेलीस. दूध उतू गेलं तरी आधी विचारशील, कुणी घालवलं.”

त्या सोमवारी तिच्या मनात पाल चुकचुकली ती गेंड्यावरून. गेंडा म्हणजे निळ्या सैन्याचा सगळ्यात जड रणगाडा. पुढून अभेद्य, पाठीला मात्र पत्र्याच्या डब्यासारखा. महिनाभर घासूनपुसून तिने तो अशा बेताला आणला होता, की शंभर डावांत निळे पन्नास-एक्कावन्न जिंकत. सोमवारच्या तक्त्यात आकडा होता त्रेसष्ट.

तिने चिलखताचे आकडे पाहिले. जसेच्या तसे. तोफेचे पाहिले. तेही. मग तिने बदलांची नोंदवही उघडली. संगणकात कुणी काय बदललं, ते नावासकट तिथे राहतं. गेल्या दोन आठवड्यांत रणगाड्यांच्या वागण्याच्या भागात मौनीबाबाचं नाव दोनदा होतं. समोर एकच शब्द, ‘साफसफाई’.

मौनीबाबा म्हणजे रणगाड्यांना चालवणारा प्रोग्रामर. खिडकीपाशी बसायचा. दिवसभरात चार वाक्यं बोलला तर पुष्कळ, आणि त्यांतली दोन चहावाल्याशी.

“साफसफाई म्हणजे नेमकं काय केलंस?” तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“जुन्या ओळी काढल्या. वापरात नव्हत्या.”

“गेंड्याच्या?”

“सगळ्यांच्याच,” तो म्हणाला, आणि स्क्रीन किंचित स्वतःकडे वळवली. उन्हाची तिरीप येत होती म्हणून असेल. पण ते तिच्या नजरेतून सुटलं नाही.

त्या दिवसापासून ती त्याच्यावर डोळा ठेवून राहिली. तो पाणी प्यायला उठला की ती बाटली भरायला उठायची. बुधवारी दुपारी तो फोन घेऊन जिन्यात गेला. ती दाराआड थांबली. आपण हे काय करतोय, असं तिला वाटलं, पण पाय हलले नाहीत.

“ताई, तू आज गेंडाच घे,” तो हळू आवाजात सांगत होता. “हो. मागे घेऊन बघ... नाही, कुणाला सांगू नकोस अजून. मी बघतो.”

आता तिला वेगळा पुरावा नको होता. बाहेरून घरबसल्या खेळून बघणाऱ्या चाळीस जणांची यादी तिने काढली. त्यात टोपणनावाने खेळणारी एक परिचारिका होती, निळ्या सैन्याकडून सर्वांत जास्त डाव जिंकलेली. आडनाव मौनीबाबाचंच. कर्मचाऱ्यांच्या नात्यातलं कुणी चाचणीत नको, असा नियम भिंतीवर लावलेला होता. दोन आठवड्यांनी त्याच चाळिसांची स्पर्धा होती, आणि जिंकणाऱ्याचं नाव गेमच्या सुरुवातीलाच झळकणार होतं.

गुरुवारी सकाळी ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब म्हणजे कंपनीचे मालक; माणूस भला, पण भांडण दिसलं की चष्मा पुसत बसणारा. तिने तक्ता, नोंदवही, यादी सगळं टेबलावर मांडलं.

“बहिणीसाठी गेंडा फिरवलाय त्याने. कसा ते मी शोधीन. पण फिरवलाय.”

साहेबांनी चष्मा पुसला आणि मौनीबाबाला बोलावलं.

“यादीत तुझी बहीण आहे?”

“थोरली. आधी सांगायला हवं होतं. चुकलं.”

“आणि गेंडा?”

त्याने काट्याकडे एकदा पाहिलं. काहीतरी ओठांवर आलं होतं, ते त्याने गिळलं. “गेंड्याला मी हात लावलेला नाही.”

बहिणीचं नाव यादीतून काढलं. मौनीबाबाला चौकशी होईपर्यंत रणगाड्यांवरून हलवून आवाजांच्या कामावर बसवलं. जेवणाच्या सुट्टीत तो एकटाच टेबलाशी बसून डबा खात होता. बाकीचे हळू बोलत होते. काट्याला आपण बरोबर ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता. तिने मात्र अर्ध्या डब्यालाच झाकण लावलं.

आता ‘कसा’ ते शोधायचं होतं. शुक्रवारी तिने गेंडा एकटाच मोकळ्या माळावर उभा केला, समोर शत्रूची एक तोफ ठेवली, आणि माघारीचा हुकूम दिला. पूर्वी गेंडा जागच्या जागी वळून पळायचा आणि उघड्या पाठीत गोळा खायचा. आज तो वळलाच नाही. तोंड शत्रूकडेच ठेवून संथपणे मागे सरकत गेला. गोळे पुढच्या जाड चिलखतावर आपटून उडाले. तिने दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा तेच.

रणगाडा माघार कशी घेतो याचा नियम सुरुवातीपासून साधा होता. वळून पुढे पळणं किंवा उलटं सरकणं, ज्याला कमी वेळ लागेल ते. ती कागदावर हिशोब करायला बसली. साठ मीटर माघार. उलटं जायला पंधरा सेकंद. वळायला सहा आणि पळायला सहा, मिळून बारा. म्हणजे वळणंच स्वस्त. मग हा वळत का नाही? वळायला खरोखर सहाच लागतात ना, म्हणून तिने घड्याळ लावलं. दहा लागले.

पेन तिच्या हातातच राहिलं. दहा आणि सहा, सोळा. पंधरापेक्षा एकाने जास्त.

सहाचे दहा कुणी केले? तिने नोंदवही पुन्हा उघडली. ओळ तिथेच होती, ‘साफसफाई’च्या बरोबर वर, तिच्या स्वतःच्या नावाची. एवढं अवजड धूड भोवऱ्यासारखं गरकन कसं वळतं, अशी खेळणाऱ्यांची तक्रार होती, म्हणून तिनेच ते मंद केलं होतं. सोमवारी ही ओळ तिने वाचलीही होती. पण स्वतःच्या नावावर डोळा थांबतो कुठे?

नोंदवही तिच्याशिवाय फारसं कुणी उघडत नसे; हे कुणालाच कळलं नसतं. सहाचा आकडा गुपचूप परत टाकला असता, तर सोमवारी गेंडा पन्नासावर आला असता आणि मौनीबाबा कायमचा चोर ठरला असता. हा विचार तिच्या मनात आला, आणि चांगला पाच मिनिटं मुक्काम ठोकून बसला. मग ती उठून आवाजांच्या खोलीत गेली.

तो कानांवर हेडफोन लावून रणगाड्याच्या साखळ्यांचा खडखडाट ऐकत होता. तिने कागद समोर ठेवला. त्याने हेडफोन उतरवले.

“माझं होतं ते,” ती म्हणाली. “वळण्याचा वेळ.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“मंगळवार. ताईच्या लक्षात आलं, गेंडा पाठ दाखवत नाही म्हणून. मग नोंदवहीत तुमची ओळ दिसली. बुधवारी तिला म्हटलं, परत एकदा मागे घेऊन बघ, आणि बाहेर बोलू नकोस. चाळीस जणांत बोभाटा झाला असता. आधी तुम्हाला एकटीला सांगणार होतो.”

“मग साहेबांसमोर का नाही सांगितलंस?”

“तुम्ही ठरवून आला होता. मी काहीही म्हटलं असतं, तरी अंगावरचं झटकतोय असंच वाटलं असतं.”

ती साहेबांकडे गेली आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, मग म्हणाले, “उलटं सरकणंच खरं वाटतंय हो. राहू दे तसं. त्याच्या तोफेचा पल्ला कमी करा.” पल्ला आखूड झाला, गेंडा बावन्नावर आला, मौनीबाबा खिडकीपाशी परतला. बहीण मात्र यादीबाहेरच राहिली. नियम तो नियम. काट्याने तिला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, “मला ड्यूटीवर जायचंय,” आणि फोन ठेवला.

त्यानंतर मौनीबाबा तिच्याशी पूर्वीइतकंच बोलायचा, म्हणजे जवळजवळ नाहीच. फक्त चहाला उठताना तो आता स्क्रीन कुलूपबंद करून जाऊ लागला. ती ते रोज बघायची. काय लपवतोय, हा प्रश्न तिच्या मनात अजूनही उठायचा, आणि दर वेळी ती मान खाली घालून आपले आकडे तपासू लागायची.