खिशातल्या पुंगळ्या

शिपायानं मधुसूदनची पॅन्ट टेबलावर झटकली आणि उजव्या खिशातून काडतुसांच्या सहा रिकाम्या पुंगळ्या खळखळत बाहेर आल्या. एक घरंगळत माझ्या हातापाशी येऊन थांबली. मी हात मागे घेतला.

"हे काय जी?" फौजदार म्हणाले. "समोरून गोळ्या येऊन राहिल्या, अन् हा गडी रिकाम्या पुंगळ्या खिशात भरून राहिला? काहून?"

मी ठाण्यात आलो होतो तो रिव्हॉल्व्हर ओळखायला. बत्तीस बोअरचं, कंपनीचं. त्याच सकाळी मीच ते मधुसूदनच्या हातात दिलं होतं. ते ओळखलं, कागदावर सही केली आणि पुंगळ्यांबद्दल म्हणालो, "माहीत नाही साहेब."

चक्क खोटं बोललो. त्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असलेला ठाण्यात एकच माणूस होता आणि तो त्या टेबलासमोर उभा होता. बाहेर आलो. फौजेत मी माणसं मेलेली पाहिली आहेत, पण हा माझ्या हाताखाली तयार झालेला पोरगा होता. व्हरांड्यातल्या खांबाला धरून उभा राहिलो आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली, की सहाच्या सहा होत्या. एकही खाली पडू दिली नव्हती त्यानं.

फौजेतून हवालदार होऊन सुटलो तो सहासष्ट साली या मँगनीज कंपनीत लागलो. कचेरी शहरात, सदर भागात, खाणी सावनेरच्या पलीकडे. पगाराच्या दिवशी जीपमधून पैसे जात, सोबत रिव्हॉल्व्हर घेतलेला एक पहारेकरी. या पहारेकऱ्यांना तयार करणं हे माझं काम. बेसा गावाबाहेर मुरमाची जुनी खाण होती, तिथं दर गुरुवारी सराव चाले. सगळे मला उस्ताद म्हणत आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडे.

नव्या गड्याला पहिले आठ दिवस मी गोळी दाखवतसुद्धा नसे. रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर चार आण्याचं नाणं ठेवायचं आणि नाणं न पाडता चाप ओढायचा. नाणं पडलं म्हणजे बोट हिसका देतंय. नेम धरेपर्यंत बोट चापावर न्यायचंच नाही, बाहेर सरळ ठेवायचं. नजर समोरच्या माणसावर नाही, मक्खीवर. मक्खी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो लहानसा उंचवटा. माणूस धूसर दिसला तरी चालेल, मक्खी स्वच्छ दिसली पाहिजे. कुणी सीताबर्डीच्या बाजारातून मऊ चामड्याचं, नक्षीचं होल्स्टर घेऊन आला की मी ते त्याच्या कमरेला लावून रिव्हॉल्व्हर उपसायला सांगे. होल्स्टरही सोबत वर येई आणि बाकीचे हसत. "हे सिनेमात लाव गा," मी म्हणे, "कामावर कडक चामडं पाहिजे, कमरेले घट्ट बसणारं."

हे सगळं आजही बरोबरच आहे. चूक दुसरीकडे होती.

नवी काडतुसं हवी असली की तेवढ्याच रिकाम्या पुंगळ्या दाखवाव्या लागत. एकदा सरावात एक पुंगळी गवतात हरवली. आमचे मॅनेजर मनोहरराव, माणूस एरवी बरा, पण त्या दिवशी त्यांनी मला सगळ्या कचेरीसमोर झापलं. मला ते झोंबलं. दुसऱ्याच गुरुवारी मी नियम काढला. सहा गोळ्या झाल्या की रिव्हॉल्व्हर डाव्या हातात घ्यायचं, काडतुसांची चक्री उघडायची, उजवा तळहात खाली धरायचा, पुंगळ्या बाहेर ढकलणारी दांडी दाबायची. पुंगळ्या तळहातात, तळहात खिशात, आणि मगच नवी काडतुसं भरायची. पुंगळी जमिनीवर पडली तर खाणीला पाच चकरा.

"डोकं झोपलं तरी हातानं आपलं काम केलं पाहिजे," हे मी रोज सांगायचो. मधुसूदन परातेनं खाणीला एकही चक्कर मारली नाही. दोन वर्षांत एकही नाही. असा गुणी विद्यार्थी मला दुसरा मिळाला नाही.

ठाण्याच्या आवारात ओमप्रकाश बसला होता, जीपचा ड्रायव्हर. त्याच्या शर्टावर काचेचा चुरा तसाच होता. मला पाहून उठला आणि मी न विचारताच बोलायला लागला.

"उस्ताद, लुटाऱ्यायतल्या एकाले तर मधुसूदननं पाडलं जी! जीपच्या आडून, एकदम बराबर. मंग गोळ्या संपल्या. मी बोंबलून राहिलो, भर, जल्दी भर! अन् त्यानं काय केलं माहीत आहे? पुंगळ्या हातात धरल्या अन् खिशात टाकून राहिला. घामानं खिसा चिपकला होता तर बोटानं उघडला, उस्ताद. तेवढ्यात दुसरा धावत आला अन् गोळी घातली ना."

"किती वेळ गेला?"

"दोन सेकंद. तीन." त्यानं डोळे पुसले. "भेला असन बिच्चारा. भेलेल्या माणसाले काही समजत नाही."

तो भेला नव्हता, हे मी त्याला सांगितलं नाही. खरं लपवण्याची ही माझी दुसरी वेळ.

संध्याकाळपर्यंत सगळ्या कचेरीत झालं, मधुसूदन भेला, घाबरला. मनोहररावांनी वरच्या साहेबांसाठी रिपोर्ट लिहिला, त्यात 'पहारेकरी गोंधळून गेल्यामुळे' असे शब्द होते. मला बोलावून म्हणाले, "रुपरावजी, तुमचा काही दोष नाही. तुमची ट्रेनिंग पक्की आहे. पोरगाच कच्चा निघाला."

आणि मी मान डोलावली. माझी मान डोलली याचाच मला धक्का बसला. पंधरा वर्षं फौजेत काढलेला माणूस मी, आणि मेलेल्या पोराच्या माथी दोष मारून गप्प उभा होतो.

चौथ्या दिवशी सकाळी पाचपावलीला गेलो. मधुसूदनचं घर कोष्ट्यांच्या गल्लीत. दोन्ही बाजूंनी मागांची खटखट इतकी, की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. त्याची बायको गोपिका भिंतीला टेकून बसली होती. आई बायजाबाई दारात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. साऱ्या जन्माच्या खटखटीनं म्हातारीला ऐकू कमी येई. हात थांबले की मुलगा आठवत असेल, म्हणून भरत असावी.

गोपिकानं मला पाणी दिलं आणि सरळ विचारलं.

"उस्तादजी, नळावर बायका बोलून राहिल्या, का ते भेले होते म्हणून. खरं आहे का?"

"नाही. मुळीच नाही."

"मंग खिशात काहून हात घातला त्यायनं?"

फौजदाराचाच प्रश्न. या वेळी मला 'माहीत नाही' म्हणता आलं नाही.

"मी शिकवलं होतं म्हणून," मी म्हणालो. मग सगळंच सांगितलं. हरवलेली पुंगळी, मनोहररावांचं झापणं, तळहात, खिसा, पाच चकरा. "त्याच्या हातानं तेच केलं, जे मी दोन वर्षं करून घेतलं. तो भेला असता तर बरं झालं असतं बाई. भेलेल्या माणसानं पुंगळ्या तिथंच टाकून दिल्या असत्या."

तिनं दारातल्या कांड्यांकडे पाहिलं.

"घरी बी करत होते," ती म्हणाली. "आईच्या सहा कांड्या घेऊन. हातात घ्याच्या, खिशात टाकाच्या. मी हासत होती त्यायले."

मला वाटलं आता ती रडेल, मला शिव्या देईल. तिनं द्यायलाच हव्या होत्या. पण ती उठली, पदर खोचला.

"चला."

"कुठं?"

"बाहेर. माह्या एकटीले सांगून काय फायदा? गल्लीले सांगा."

दोन शब्द मनोहररावांच्या कानावर गेले तर नोकरी जाणार, हे मला दिसत होतं. उस्ताद हे नाव तर त्याआधीच जाणार. तरी तिच्या मागून निघालो. नळावर सात-आठ बायका होत्या. मी गल्लीच्या मधोमध उभा राहिलो आणि परेडवरचा आवाज काढला, कारण दुसरा कुठला आवाज त्या खटखटीत ऐकू गेला नसता.

"मधुसूदन भेला नाही! त्याच्या हाताले चुकीची सवय मी लावली. मी, रुपरावनं. तो त्याच्यानं गेला!"

पहिल्या घरातला माग थांबला. मग पुढचा. एकेक करत सगळी गल्ली गप्प झाली आणि माणसं दारात येऊन उभी राहिली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हंजे तुमच्यामुळं?"

"हाव," मी म्हणालो.

गोपिका माझ्याकडे न पाहता घरात निघून गेली.

दारात बसलेल्या बायजाबाईचे हात थांबले होते. ती एकदा लोकांकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती.

"काय म्हनून राहिला बा तू?" तिनं विचारलं. "माह्या पोराचं काय?"

मी तिच्यापुढे मातीत बसलो, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.