ट्रॉम्सोतली अंगारकी

माझी बायको अलका हट्टी आहे, हे मला लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं होतं. पण तो हट्ट कधी तिच्याच जिवावर उठेल असं वाटलं नव्हतं. त्या मंगळवारी उठला.

आमची लेक चैत्राली आणि जावई नील ट्रॉम्सोला असतात. नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला. चैत्रालीचे दिवस भरत आले म्हणून अलका तिकडे गेली आणि मी म्हैसूरच्या विजयनगरातल्या घरात एकटा उरलो. माझ्या गुडघ्यांना थंडी सोसत नाही. "वैशाखात कसली आलीय थंडी?" असं म्हणत हिने एकच स्वेटर भरला होता. तिची तरी काय चूक! आम्ही कोल्हापूर सोडून म्हैसूरला आलो त्याला वीस वर्षं झाली, आणि इथं बारा महिने एकच चादर पुरते. तिकडून पहिला व्हिडिओ कॉल आला तेव्हा मॅडम नीलचा कोट घालून गुडघाभर बर्फात उभ्या होत्या.

"अहो, इथं सगळंच उलटं आहे! रात्रीचे दहा वाजलेत आणि लख्ख उजेड!"

तेव्हा मी हसलो होतो.

त्या मंगळवारी अंगारकी होती. चैत्रालीची सुखरूप सुटका व्हावी म्हणून अलकाने नवस बोलला होता. निर्जळी उपास करायचा, चंद्र पाहून मगच सोडायचा. मी फोनवर ओरडलो, "अगं, तुला साखर आहे! गोळी घेऊन उपाशी राहतेस की काय?" तर म्हणे, गोळी सकाळीच घेतली, आणि माझा गणपती बघून घेईल. असल्या बाबतीत मी देवाला कधी मध्ये घेत नाही. मेटगळ्ळीच्या कारखान्यात उभा जन्म मशीनं दुरुस्त केली, आणि मशीनला तेल घातल्याशिवाय ते चालत नाही एवढंच मला कळतं. पण ऐकेल ती अलका कसली!

दुपारी नीलचा फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या, तो चैत्रालीला दवाखान्यात घेऊन निघाला होता. अलका घरी एकटीच राहिली. मोदक करून, ताट झाकून, चंद्राची वाट बघत.

इथं रात्रीची जेवणवेळ झाली तेव्हा तिकडे संध्याकाळ होती. मी कॉल लावला. अलका खुर्चीत बसली होती आणि तिच्या कपाळावर घाम होता. खिडकीबाहेर बर्फ आणि हिला घाम!

"साखर तपास. आत्ताच्या आत्ता."

तिने कशीबशी सुई टोचली. बोट थरथरत होतं. यंत्र फोनसमोर धरलं तर आकडा बासष्ट, सत्तरच्याही खाली घसरलेला.

"अलका, मोदक खा."

"चंद्र निघू दे."

कॅलेंडरात चंद्रोदय म्हैसूरचा असतो, तिकडचा कोण छापणार? म्हणून मी कॉम्प्युटरवर ट्रॉम्सो टाकलं. पुढे लिहिलं होतं, आज चंद्रोदय नाही. मी परत टाकलं. उद्याही नाही. परवाही नाही.

मला आधी वाटलं काहीतरी घोटाळा आहे. मग वाचत गेलो. तिकडे उन्हाळा आला की सूर्य मावळायचं नाव घेत नाही, आणि पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र त्याच्या बरोबर उलट वागतो. क्षितिजाच्या खालीच राहतो, वर डोकं काढतच नाही. हिवाळ्यात सूर्य दडी मारतो तेव्हा हाच चंद्र दिवसरात्र डोक्यावर फिरतो. आणि माझी बायको त्या चंद्रासाठी तोंडात पाण्याचा थेंब न घालता बसली होती.

"अलका, ऐक. तिथं आज चंद्र उगवणारच नाही."

"काहीतरीच! अंगारकीला चंद्र उगवत नाही असं कधी झालंय?"

"आईशप्पथ सांगतो. तिथला ऋतूच तसा आहे. तू खाऊन घे."

"आज तिथं माझी पोर अडलीय," ती रडायला लागली. "आजच नवस मोडू? आजच?"

मी समजावलं, रागावलो, हात जोडले. नीलला फोन लावला, तो बंद. शेजारच्यांचं दार वाजव म्हटलं तर ती उठेना. ताट हाताच्या अंतरावर होतं आणि मी सात समुद्रापलीकडे. एक मोदक तिच्या तोंडात कोंबता येईना मला.

तेवढ्यात ती एकदम शांत झाली. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "चैत्राली शाळेतून आली का हो?"

इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो, खरंच सांगतो.

"थांब!" मी ओरडलो. "झोपू नकोस, अलका! चंद्र दाखवतो तुला. इथला दाखवतो!"

गुडघे विसरून मी गच्चीवर पळालो. आभाळ काळंकुट्ट. संध्याकाळचा वळीव अजून रेंगाळत होता, बारीक थेंब पडत होते. कुठला चंद्र न् कुठलं काय! पलीकडच्या गच्चीवर आमचे शेजारी कृष्णाजी आडोशाला कपडे ओढत होते. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं मराठी घराणं.

"एनायतु, काय झालं, दिगंबरराव? असे पळत का आलात?"

"कृष्णाजी, तुमचा तो वरचा दिवा लावा. लवकर! अलकाच्या जिवाचा प्रश्न आहे!"

भल्या माणसाने का म्हणून विचारलं नाही. त्यांच्या टाकीजवळच्या खांबावर दुधी काचेचा गोल दिवा आहे, तो लागला. मी टाकीपासून लांब, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि फोन वर धरला. काचेवर पावसाचे थेंब होते. फोनमध्ये पांढुरका गोल हलत होता.

"बघ, अलका! ढगातून निघाला! दिसला का?"

मी फोन आणखी वर धरला.

"अलका!"

"दिसला," ती पुटपुटली. हात जोडायला तिला किती वेळ लागला! मग ताटावरचं झाकण पडल्याचा आवाज आला.

"आधी गुळाचं सारण खा. चाव. गीळ. आता दुसरा." मी ओरडत होतो आणि ती खात होती. घास अडकला तसं पाणी प्यायली. हळूहळू तिची नजर जागेवर आली. पुन्हा सुई टोचायला लावली. आकडा चढला होता.

"तुम्ही केवढ्याने ओरडताय," ती म्हणाली. "जा, जेवा आता."

कृष्णाजींनी दिवा बंद केला आणि मी खाली आलो. ताट वाढून घेतलं, घास उचलला, पण तो तोंडाशी जाईना. आता वेगळीच भीती बसली होती. नवस चैत्रालीच्या सुटकेचा, आणि मी तो विजेच्या दिव्यावर सोडवला. मी मानत नाही हो, कधीच मानलं नाही. पण लेक तिकडे आत होती आणि नीलचा फोन बंद होता. ताट तसंच झाकून मी परत गच्चीवर गेलो.

"खोटं मी बोललो," मी आभाळाकडे बघून म्हणालो, मोठ्यानेच. "तिने नाही. काय वसूल करायचं ते माझ्याकडून कर. पोरीला हात लावू नकोस."

पाऊस थांबेना आणि चंद्र दिसेना. मी तसाच उभा राहिलो.

किती वेळाने कोण जाणे, फोन वाजला. नील. उचलायचं धैर्य होईना. उचलला तर आधी रडण्याचा आवाज. बारीक, चिडका, नवा कोरा. "मुलगी झाली, बाबा! दोघी छान आहेत!" त्याने अलकालाही त्याच कॉलवर घेतलं होतं. मी भिजलेल्या गच्चीत मटकन खाली बसलो आणि ढसाढसा रडलो.

"अहो, पुरे आता," अलकाचाही आवाज भरून आला होता. "जेवलात का?"

"कसा जेवणार? चंद्र कुठे दिसलाय अजून!"

शब्द तोंडातून निघून गेला होता. पलीकडे बाळ तेवढं रडत होतं. मघाचा चंद्र कसला होता ते हिला आता कळलं असणार. मला वाटलं, आता ही मला जन्मभर माफ करणार नाही.

"मग थांबा तिथंच," अखेर ती म्हणाली. "दिसल्याशिवाय खाली उतरायचं नाही. आणि डोक्यावर काहीतरी घ्या."