बसून राहणं

कागदी कपातल्या चहावर साय धरली होती. फुंकर मारली की एका कडेला सुरकुतून गोळा व्हायची, फुंकर थांबली की पुन्हा पसरायची... धम्मपालने डोळे मिटून घोट घेतला आणि ती नेमकी वरच्या ओठाला चिकटली. शी! त्याने बाहीने तोंड पुसलं. चहा शाळेतल्या शिक्षकांनी पाठवलेला, शिपायांच्या संपाला पाठिंबा म्हणून. महेश सर स्वतः थर्मास घेऊन आले, शिक्षण कार्यालयाच्या फाटकाशी घातलेल्या मांडवात जरा टेकले, मूठ वर करून फोटो काढून घेतला, आणि पँटची धूळ झटकत म्हणाले, "धम्मपाल, तुम्ही लढा हं. आम्ही आहोतच."

आहेतच! जातील कुठे? दोघं एकाच जूनमध्ये गंगापूर रोडच्या शाळेत लागले. सरांच्या जागेला सरकारी अनुदान होतं, शिपायाच्या जागेला नव्हतं; ते फार उशिरा मिळालं, आणि तेवढ्यावरून आता म्हणतात, तुम्हाला जुनी पेन्शन नाही. म्हणजे त्याआधी मी घंटा दिली ती हवेत दिली, संडास धुतले ते स्वप्नात धुतले. येत्या मेअखेर दोघांची निवृत्ती. सर घरी जातील ते पेन्शन घेऊन, आणि मी नारळ आणि शाल घेऊन.

काल मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला होता. त्याला वाटलं, विचारतील, काय झालं, कुठवर आलं. तर बाई म्हणाल्या, "अहो, संडासात पाय ठेववत नाही हो. निदान तेवढं करून जा ना, मग बसा संपावर." त्याला त्या संडासाची नाही, बाईंच्या त्या लाडिक 'ना'ची किळस आली होती. आणि आता तर सगळ्याचीच येत होती — या सतरंजीच्या कुबट वासाची, केळ्याच्या सालींवर घोंगावणाऱ्या माश्यांची, माइक तोंडात घातल्यासारखं ओरडणाऱ्या कारभारीची. कारभारी संघटनेचा सचिव. माणूस भला, पण बोलताना थुंकी उडते.

"आली! साहेबांची गाडी आली!" कारभारी ओरडला. "आवाज वाढवा!"

शिक्षणाधिकाऱ्यांची पांढरी गाडी फाटकातून आत वळली, आणि सगळा मांडव उठून उभा राहिला. लढायला नव्हे... नुसता उभा राहिला, शाळेच्या व्हरांड्यात साहेब आले की राहतो तसा. चपला बाजूला सारल्या गेल्या, वाटेतली खुर्ची कुणीतरी उचलली, घोषणा अर्ध्यावर विरली. आणि धम्मपाल — त्याला कळलंच नाही — त्याने गाडीचं दार उघडलं होतं, साहेबांनी न बघताच बॅग पुढे केली होती, ती घेऊन तो पायऱ्यांपर्यंत गेलासुद्धा.

"आवं धम्मपालभाऊ," घोटीकडची लंकाबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "संपाव हाय ना आपुन?"

मांडव खो खो हसला. तोही हसला. मग बसला, आणि हसणं घशातच आंबट झालं. बॅगेत डबा असावा. हाताला कुणाच्या तरी घरच्या आमटीचा वास येत होता. त्याने तो सतरंजीवर घासला, पुन्हा पुन्हा घासला. हात माझा, आणि मला विचारल्याशिवाय पुढे जातो!

बाप आठवला. घोटीला भाताच्या गिरणीत पोती वाहून थकला आणि शेवटी नाशिकला धम्मपालकडे येऊन राहिला. कधी काही मागायचा नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन नुसता उभा राहायचा... बिडी संपली की उभा, चष्मा फुटला की उभा. धम्मपालची बायको मालन भांडी जरा जोरात ठेवायची. त्या उभं राहण्याची शिसारी यायची मला — माग ना बाबा, तोंडाने माग! आणि पेन्शन नाही मिळाली तर जूनपासून मुलाच्या दाराशी मीच. सूनही भांडी ठेवेल. जोरात नाही ठेवणार, शिकलेली आहे, हळूच ठेवेल.

दुपारी साहेब बाहेर आले. मांडवात पुन्हा हालचाल झाली, गुडघे मोडल्याचे आवाज आले. लंकाबाई अर्धी उठली. धम्मपालने दोन्ही तळवे मांड्यांखाली घालून दाबून धरले. चालता चालता साहेब त्याच्यासमोर थांबले, फोनवर बोलतच, आणि बॅग धरलेला हात त्यांनी त्याच्याकडे लांब केला.

बॅग तशीच लोंबत राहिली. आता साहेबांनी खाली पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं, नळाला पाणी न आल्यावर वाटतं तेवढंच. उठू नकोस... उठू नकोस... त्याने तळवे आणखी दाबले, आणि आपण भर चौकात कुणा वडीलधाऱ्याला शिवी दिली आहे असं त्याला वाटत होतं. यात अभिमान वगैरे काही नव्हतं. भीती होती, साधी, शाळकरी पोराची. आणि ती इतकी मोठी होती की मघापासूनची किळस तिच्यात कुठे बुडाली ते त्याला सापडेना.