टाक्यांचं इंजेक्शन

लेकीच्या बाळंतपणासाठी जावयाने खाजगी दवाखान्यात नाव घालून ठेवलं होतं. मावशींनी ते मोडून काढलं. "बावीस वर्षं मी सरकारी दवाखान्याच्या प्रसूती वॉर्डात आया म्हणून राबतेय. आपलं माणूस असताना परक्याच्या दारात कशाला जायचं?"

आपलं माणूस म्हणजे मोठ्या सिस्टर. दोघी एका डब्यात जेवणाऱ्या. लेक लहानपणी तापाने फणफणली की ड्यूटी संपवून सिस्टरच तिच्या उशाशी येऊन बसायच्या.

कळा सुरू झाल्या तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. घरच्या माणसाचं बाळंतपण असलं की आत काम करायचं नाही, असा नियम होता. मावशी बाहेरच्या बाकावर बसल्या. "मी आहे ना," म्हणत सिस्टरनी दार लोटलं.

दार नीट लागत नसे. दोनच्या सुमारास लेकीचं कण्हणं वाढलं, मग ती आईला हाका मारू लागली.

"आई बाहेर बसलीय. जोर तुलाच लावायचाय," सिस्टरचा आवाज आला आणि पाठोपाठ मांडीवर चापट बसल्याचा. मावशी उठल्या आणि पुन्हा बसल्या. बाळाच्या भल्यासाठी असं करावं लागतं, हे त्यांनीच आजवर कितीतरी नातेवाइकांना समजावलं होतं.

बाळ रडलं. मुलगी होती. मावशींचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच लेक किंचाळली.

"सिस्टर, बधिर करायचं इंजेक्शन द्या ना."

"संपलंय. थोडेच टाके आहेत, सोस."

संपलेलं नव्हतं. आदल्या दिवशीच मावशींनी अख्खं खोकं कपाटात लावलं होतं. त्या दार ढकलून आत गेल्या, कपाट उघडलं आणि बाटली सिस्टरपुढे धरली.

"आता एकच टाका राहिलाय," सिस्टर मान वर न करता म्हणाल्या. "बाहेर व्हा, मावशी. नियम तुम्हाला शिकवायचे का?"

दुसऱ्या दिवशी मावशींनी केसपेपर पाहिला. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: टाक्यांआधी भूल दिली. त्या तडक सिस्टरकडे गेल्या.

"संपलं म्हणून का सांगितलंत?"

"अहो, मी एकटी आणि टेबलांवर तीन बायका. सुई भरा, बधिर व्हायची वाट बघा, एवढा वेळ होता कुठे? आणि असे टाके घालताना बायकांचे पाय तुम्हीच धरत आलात ना? तेव्हा नाही कपाट उघडलंत."

मावशी मागे फिरल्या. वॉर्डात आल्या तर लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"तुला माहीत होतं, इथे असं करतात?"

"हो."

"मग मला का आणलंस?"

"तुला नाही करणार, असं वाटलं गं."

"म्हणजे बाकीच्यांना केलेलं चालत होतं."

मावशींनी दोन दिवस खपून तक्रार लिहिली. चापट, इंजेक्शन, केसपेपर, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, की भूल न देता टाके घालताना मीही अनेक बायकांचे पाय दाबून धरले आहेत. अधीक्षकांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. "हे शेवटचं खोडा, मावशी. तुमच्याच अंगाशी येईल."

"राहू द्या साहेब. खरं आहे ते."

चौकशी झाली. सिस्टरची बदली बाह्यरुग्ण विभागात झाली, मावशींना धुलाईघरात टाकलं. इंजेक्शनचं खोकं आता टाक्यांच्या टेबलाजवळच ठेवतात, असं नवी आया सांगत होती. व्हरांड्यात समोरासमोर आल्या तर सिस्टर मान वळवून पुढे जातात. बावीस वर्षांनी पहिल्यांदाच मावशी एकट्या जेवतात.

लेक महिन्याभराने आपल्या घरी गेली. नातीचे फोटो येतात, ते जावयाच्या फोनवरून. मावशी रोज संध्याकाळी लेकीला फोन लावतात. कधी जावई उचलतो आणि ती झोपलीय म्हणून सांगतो.