दोऱ्याची दोन टोकं

गोमाजीने शिवून नेलेला शर्ट उलटा करून आनंदाबाईच्या पुढ्यात ठेवला आणि निघून गेला. रागावला असता तर बरं झालं असतं. बाहीची शिवण जिथून सुरू होत होती तिथे, आतल्या बाजूने, दोऱ्याचा गुंता गाठीसारखा दाटला होता. दुसऱ्या बाहीलाही तसाच. असे परत आलेले कपडे खुंटीवर आधीच लटकत होते.

तिचा नवरा टेकचंद कारध्याचा जुना शिंपी. टेरिकॉटचं कापड नवं नवं आलं तेव्हा जवाहरनगरच्या कारखान्यातली माणसं भंडाऱ्यातली दुकानं सोडून, नदी ओलांडून त्याच्याकडे येत. आता तो मशीनवर चिडत होता. त्याने तेल घातलं, सुई बदलली, रिळाला नावं ठेवली.

आनंदाबाई दारात बसून काज करता करता बघत होती. शिवण सुरू करताना वरचा दोरा आणि खालचा बॉबिनचा दोरा, दोन्हींची टोकं मागे ताणून धरायची. पहिले चार टाके पडेपर्यंत सोडायची नाहीत. सोडली की दोरा खाली ओढला जातो आणि गुंततो. लग्नानंतर हे त्यानेच तिला शिकवलं होतं, गावातल्या कितीतरी पोरींनाही. तो आजही टोकं धरत होता. पण चाक फिरलं की ती त्याच्या डाव्या हातातून निसटत, आणि त्याला कळतही नसे. बोटांत जीवच उरला नव्हता.

सांगावं कसं? मागच्या पोळ्याला तो म्हणाला होता, "हात चालला नाही त्या दिवशी मशीनवर झाकण. मंग नाही उघडणार मी." बोलला की करणारा माणूस. त्याचा बापही असाच काम टाकून भिंतीकडे बघत बसला होता, शेवटपर्यंत. त्या म्हाताऱ्याचं सगळं तिनेच काढलं होतं. पुन्हा तेवढं करायची ताकद आता तिच्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने आपलं पोतं मशीनच्या डाव्या अंगाला अंथरलं.

"इथं काहून बसून राहिली वो?"

"दारात उजेड नाही जी. काज दिसत नाही."

दारात लख्ख ऊन पडलं होतं. त्याने तिकडे पाहिलं.

"म्हातारी झाली तू."

"झाली ना."

कापड सुईखाली गेलं. तिने हातातलं काम मांडीवर टाकलं, हात लांबवून दोन्ही टोकं धरली. चाक फिरलं. टाके सरळ पडत गेले. तो तिच्या हाताकडे लक्ष नसल्यासारखं करत होता, आणि तीही दाराकडेच बघत होती.

मग रोजचं तेच झालं. दर शिवणीला हातातली सुई खोचून ठेवायची, वाकायचं, धरायचं. काज मागे पडत. चुलीपाशी जाईपर्यंत कंबर धरलेली असे. कपडे परत येणं मात्र थांबलं. त्याला कळलंय की नाही, हे तिला उमगेना.

एका दुपारी ती गोमाजीचा दुरुस्त केलेला शर्ट द्यायला गेली. त्याच्या बायकोने, शकुनबाईने, चहाला बसवून घेतलं. परतताना गल्लीत मशीनचा आवाज नव्हता. तिने पाय उचलले. पडलं झाकण, असंच वाटलं.

झाकण उघडंच होतं. कापड सुईखाली ठेवलेलं, दोन्ही टोकं नीट मागे घेतलेली. टेकचंदचे पाय पायडलवर होते आणि हात मांडीवर. किती वेळ तो तसा बसला होता कोण जाणे.

"आली?" तो म्हणाला. "मी थांबून राहिलो."

तिला आधी पाणी प्यायचं होतं. ती पोत्यावर टेकली आणि टोकं धरली.