पुलाखाली उभं राहायची रीत

या बाबांनो, जवळ बसा, एका सुतारणीची गोष्ट सांगतो.

आमच्या किल्ल्याच्या कोरड्या खंदकावर हेर्सांद नावाची ही सुतारीण उचलता पूल बांधत होती. पूल ज्या आसावर फिरतो, त्याला जुनं ओक लागतं. कारभाऱ्याने मऊ पॉपलरचा सोट पाठवला.

"वरून पत्रा ठोक. कोणाला कळतंय?"

"देवाला कळतं."

"फार बोलतेस! चालती हो."

"जाते की! पण पूल पहिल्यांदा उतरताना लाकूड निवडणारा खाली उभा राहतो, ही आपली रीत. चला कारभारी, उतरा खंदकात!"

कारभाऱ्याचा चेहरा उतरला. दुसऱ्याच दिवशी हेर्सांदनं निवडलेलं ओक आलं.

पूल उतरला तेव्हा खाली हेर्सांद उभी होती, ताठ मानेनं. पलीकडे जाताना तिची आठवण ठेवा.