दोन इंचांची उंची

मित्रांनो, मी एक जुना पोलादी तुकडा आहे. उंची दोन इंच, आकार कड्यासारखा, मधोमध भोक. एका जीपच्या मागच्या डाव्या बाजूला, स्प्रिंग आणि गाडीची चौकट यांच्यामध्ये मी बसलेला आहे. वाकून, मान तिरकी करून पाहिलंत तर कदाचित दिसेन. आत्मवृत्त सांगावं असं माझं काही कर्तृत्व नाही. मी पळत नाही, वळत नाही, दिव्यासारखा उजळतही नाही. नुसता बसतो. पण काही माणसांचे आभार मानायचे राहून गेले तर मनाला रुखरुख लागेल, म्हणून बिचकत बिचकत तोंड उघडतो आहे.

माझा जन्म गाडीसाठी झालाच नव्हता. मी एका छापखान्यातल्या यंत्राचा रूळ होतो. लांब, जाड आणि आतून पोकळ. रोज हजारो कागद माझ्या अंगावरून सरकत जायचे. तुम्हाला वाटेल, मग हा मोठा विद्वान असणार! नाही हो. छापायची बाजू पलीकडे असायची, माझ्या वाट्याला कागदाची कोरी पाठ यायची. इतकी पुस्तकं अंगावरून गेली, पण वाचलं एकही नाही.

त्या छापखान्यात एक जुळारी होते. शिशाचे सुटे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे छोटे ठोकळे, वेचून ओळी जुळवणारा तो जुळारी. हे जुळारी फार कमी बोलायचे. ओळी जुळवून झाल्या की खाली वाकायचे, डोळा पानाच्या पातळीला आणायचे आणि एक डोळा मिटून पाहायचे. एखादा खिळा केसभर वर आला तर कागद फाटतो, केसभर खाली राहिला तर अक्षर उमटत नाही. त्यांच्या नजरेतून असा खिळा कधी सुटला नाही. माझ्यावर धूळ बसली की आपल्या पंच्याने पुसायचे. ते त्यांचं काम नव्हतं, तरी पुसायचे.

पुढे छापखाना बंद पडला. यंत्र भंगारात निघालं. जुळारी मालकांना म्हणाले, "एवढा रूळ मला द्याल का?"

मालक हसले. "घ्या की. पण करणार काय त्याचं?"

"काही नाही," जुळारी म्हणाले. "असू दे."

मित्रांनो, काही उपयोग नसताना ज्याने आपल्याला ठेवून घेतलं, त्याला कसं विसरायचं?

त्यांच्या पत्नी आधीच गेल्या होत्या. एकुलती एक लेक डोंगरावरच्या वस्तीत राहायची, ती त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. सोबत मीही गेलो. घराला दगडी ओटा होता. तिथे भिंतीला लागून मला आडवा ठेवला. जुळारी खुर्चीत वाचत बसायचे आणि पाय माझ्यावर टेकवायचे. आता सगळे त्यांना आजोबाच म्हणत होते. ऊन यायचं, पाऊस यायचा, मी गंजत होतो आणि सुखात होतो.

मग आजोबांची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीनदा खालच्या दवाखान्यात जाऊन रक्त यंत्रातून स्वच्छ करून घ्यावं लागे. जावई डोंगरावरचं दूध जीपमधून खाली पोचवायचे, त्याच फेरीत आजोबांना नेऊ लागले. अडचण होती ती वाटेतल्या ओढ्याची. तिथला फरशीपूल पुरात वाहून गेला होता आणि मोठमोठे दगड उघडे पडले होते. जीपचं पोट त्यांच्यावर खरवडायचं. एकदा तर खालची ऑइलची टाकीच फुटली. म्हणून ओढा आला की आजोबांनी उतरायचं, दगडांवरून तोल सावरत पलीकडे जायचं आणि मागून हलकी झालेली गाडी यायची. जाताना हे जमे. येताना अंगात त्राण नसे.

एका संध्याकाळी ते ओट्यावर येऊन बसले. पाय माझ्यावर ठेवले. पाय ओले होते.

"आता बास," ते म्हणाले.

लेक दारात आली. "काय बास?"

"दवाखाना. आज ओढ्यात बसलो तो उठवेना. जावयांनी हाताला धरून ओढून काढलं. तिकडे त्यांचं दूध नासत होतं. लेकीच्या घरी राहायचं, जावयाची गाडी फोडायची, वर त्यांच्या हाताला लोंबकळायचं. काय शोभतं का हे?"

"बाबा, तुम्ही गेला नाहीत तर काय होईल ते माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

तेवढं बोलून त्यांनी पुस्तक उघडलं. लेक आत गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला, पण भांडी घासल्याचा नव्हता तो.

जावई फार भला माणूस. त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ते एका मित्रालाच घेऊन आले. खाली त्याचं गॅरेज होतं. अंगाने काडीसारखा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे.

"आजोबा, आपण गाडी उचलू या," पैलवान म्हणाला.

आजोबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू उचलणार?"

"तशी नाही हो! चारही स्प्रिंगांवर एकेक जाड कडं बसवायचं. गाडीचं अंग तेवढं वर येतं. पोट दगडाला लागत नाही."

"मग बसव की."

जावई कानामागे खाजवत म्हणाले, "तयार संच मिळतो, पण तो आपल्या आवाक्यातला नाही. हा म्हणतो, जाड पोलादी नळ मिळाला तर कडी लेथवर कापून घेऊ."

"किती जाड?" आजोबांनी विचारलं.

पैलवानाने बोटांनी दाखवलं. आजोबांनी पाहिलं, मग सावकाश माझ्यावरचे पाय काढून घेतले.

"हा चालेल का बघा," ते म्हणाले.

लेक म्हणाली, "बाबा, अहो, तो तर तुमचा..."

"पायाखालीच तर असतो. चाकावर जाऊ दे." मग जावयांकडे न बघता पुढे म्हणाले, "एकदाच येईन. तुमच्या शब्दाखातर. नंतरचं नंतर ठरवीन."

मित्रांनो, खरं सांगतो, मला धडकीच भरली. एका माणसाचं जाणं-न जाणं माझ्यावर येऊन ठेपलं होतं आणि मी कोण, तर कागदाची पाठ पाहिलेला रूळ! लेथवर माझी गंजाची कात उतरली. कापून आम्ही चार भाऊ झालो, त्यांतला मी एक. आम्ही आतून इतके चकचकीत असू असं आम्हालाच माहीत नव्हतं.

गॅरेजमध्ये जीप ठोकळ्यांवर चढवली होती. पैलवान एकेक चाक काढायचा, धक्के झेलणारा शॉकअप सोडवायचा, चाकांना जोडणारा दांडा हळूहळू खाली घ्यायचा. मग ढिली झालेली स्प्रिंग बाहेर यायची. तिच्या डोक्यावर आधी रबराची चकती, मग आमच्यापैकी एक जण आणि पुन्हा सगळं जागच्या जागी.

जावई म्हणाले, "दोनाऐवजी चार इंच का नको? एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

"चार इंच केलं तर ओढा पार करशील, पण पुढच्या वळणावर आडवा होशील," पैलवान म्हणाला. "स्वस्तात करायचं तर थोडंच करायचं, भाऊ. पाना दे."

काम संपलं. गाडी खाली उतरली आणि सगळा भार आमच्यावर आला. बापरे! पण आम्ही टिकलो. दिवे लावून पाहिले तर उजेड थेट समोरच्या झाडाच्या शेंड्यावर. "आता काय पाखरांना वाट दाखवायची आहे?" असं म्हणत पैलवानाने दिवे खाली वळवले.

जावयांना घाई झाली होती. दवाखान्याचा दिवस दुसऱ्याच सकाळी होता. पण पैलवान म्हणाला, "आधी मी ओढ्यात बघणार. मगच आजोबा."

ओढ्यात त्याने एक पुढचं चाक दगडावर चढवायला लावलं. दुसरं अधांतरी लोंबलं. तो पाण्यातच पाठीवर झोपून गाडीखाली सरकला आणि बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"ब्रेकची नळी बघ. तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली आहे. गाडी वर गेली, नळी तेवढीच राहिली. आणखी दोनदा असं झालं असतं तर तुटली असती." त्याने कपाळावर हात मारला. "माझ्या डोक्यातच आलं नाही रे."

"आता?"

"आता काय, हळूहळू माघारी. लांब नळी बसवल्याशिवाय ही गाडी माणूस नेणार नाही."

नळी मिळायला पुढचा दिवस गेला. आजोबांची एक फेरी चुकली. त्यांच्या चेहऱ्यावर सूज आली होती. मी आता गॅरेजमध्ये होतो, त्यामुळे ओट्यावरचं बोलणं जावयांच्या तोंडून कळलं.

"मी म्हटलंच होतं, राहू दे म्हणून," आजोबा म्हणत होते.

अखेर गाडी तयार होऊन अंगणात उभी राहिली. आजोबा हळूहळू ओट्याच्या पायऱ्या उतरून आले. गाडीजवळ येऊन त्यांनी पाय उचलला. पाय अर्ध्यावरच राहिला. पुन्हा उचलला. पुन्हा तेच. आमच्यामुळे गाडी दोन इंचांनी उंच झाली होती आणि ते दोन इंच आजोबांच्या गुडघ्यात नव्हते.

ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप, त्यांनाच चढता येईना! कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. लेकीने बादली आणून पालथी घातली, ती डुगडुगली. जावई पुढे झाले. "बाबा, मी उचलून बसवतो. क्षणाचं काम."

आजोबा ताठ झाले. "जावयाच्या कडेवर बसून दवाखान्यात जायचं माझं वय राहिलेलं नाही."

"अहो, मी कुणाला सांगणार आहे का?"

"मला तर कळेल!" ते म्हणाले आणि वळून पायऱ्या चढू लागले. लेकीने तोंडाला पदर लावला. मला वाटलं, पुन्हा रूळ व्हावं आणि गपचूप त्यांच्या पायांखाली जाऊन पडावं.

आजोबा ओट्यावर पोचले, दम खायला थांबले आणि सहज मागे वळले. मग तिथेच वाकले. एक डोळा मिटला. अगदी छापखान्यात पान तपासायचे तसे.

"जावई," ते म्हणाले, "गाडी मागे घ्या बरं. इकडे, ओट्याकडे. अजून. अजून थोडी. भिडवा."

मागचं फळकूट उघडलं. ओटा आणि गाडीचा तळ एका रेषेत आले होते. आजोबांनी बोट फिरवून पाहिलं आणि एक पाऊल टाकून आत गेले. घराच्या एका खोलीतून दुसरीत जावं तसे.

"केसाचाही फरक नाही," ते म्हणाले.

"आणि दवाखान्यात कसं उतरणार?" लेक डोळे पुसत म्हणाली.

"मागे माल उतरवायचा ओटा आहे. मीही एक मालच. चला, दूध नासेल."

ओढा आला. जावयांनी सवयीने गाडी थांबवली. आजोबांनीही सवयीने उठायला हात टेकला.

"बसा, बाबा."

गाडी पाण्यात उतरली. चाक दगडावर चढलं, सगळा भार माझ्या बाजूला कलला. स्प्रिंग आवळली. मी तिच्या डोक्यावर घट्ट राहिलो. एवढंच मला येतं. तो मोठा दगड आला, गाडीच्या पोटाखालून मागे गेला आणि आवाज झाला नाही. मित्रांनो, न झालेला आवाज इतका गोड असतो हे मला त्या दिवशी कळलं.

गाडी पलीकडे चढली. मग आजोबांनी विचारलं, "परवा किती वाजता निघायचं?"

"नेहमीच्याच वेळी," जावई म्हणाले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आम्ही चौघे भाऊ अजून जागेवर आहोत. दर पावसाळ्यानंतर पैलवान खाली झोपून आमचे बोल्ट आवळतो, रबराच्या चकत्या बदलतो, ब्रेकची नळी बोटांनी चाचपतो. मित्रांनो, तुमच्याही घरात, गाडीत, यंत्रात माझ्यासारखे न दिसणारे तुकडे असतील. वर्षातून एकदा तरी वाकून त्यांच्याकडे बघा. आणि कुणासाठी काही नवं करायला निघालात, तर आधी त्याच्या गुडघ्यांना विचारून घ्या. शहाणपण शिकवायचा मला काही अधिकार नाही, पण एवढं मी भार सोसून शिकलो आहे.

आभार कुणाकुणाचे मानू? लेथचे, पैलवानाचे, जावयांचे. आणि ज्यांनी पायाखालचा आधार काढून चाकावर दिला, त्यांचे. ऐका, फळकूट उघडल्याचा आवाज आला. पाऊल पडलं. माझ्यावर थोडासा भार वाढला. आजोबा बसले.